दाजींच्या एकेचाळीस सुऱ्या

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी. पहाटे पावसाची सर, नऊनंतर कडक ऊन. पाणी सहा दहाला आले, सातला गेले. खालचा लूमचा कारखाना बंद. लूम पुसून हार घातले. मालक मुसलमान, पण या दिवशी पेढे तेच वाटतात. दाजी सकाळीच अंजूरला, भावाकडे गेले. कमळने दाजींच्या सुऱ्या पूजेला मांडल्या. संध्याकाळी पाचला मला बोलावून दाखवल्या. रात्री ताक-भात.

रोजनिशीत मी एवढेच लिहिले. पासष्ट वर्षे रोजनिशी लिहिते आहे आणि मुद्दाम काही गाळल्याचे फारसे आठवत नाही. त्या दिवशी गाळले. ते आता लिहिते, पण त्यासाठी दाजींबद्दल आधी सांगायला हवे.

दाजी तरे माझे शेजारी. नारपोलीत आमच्या इमारतीत खाली यंत्रमागांचा कारखाना आणि वर आठ खोल्या आहेत. तिसऱ्या खोलीत मी, चौथीत दाजी आणि त्यांची बायको कमळ. दाजींचे वय चौऱ्याहत्तर. मूळ गाव अंजूर. वडिलांची होडी होती, खाडीतून रेती आणि गवत वाहायची. होडी गेली तेव्हा दाजी वीस वर्षांचे होते. ते मुंबईला दारूखान्याच्या बंदरात जहाजे तोडायच्या कामाला लागले आणि सदतीस वर्षे तेच काम केले.

कामाला लागून तीन वर्षे झाली होती. एकदा वर काम करणाऱ्याच्या हातून लोखंडी पाना निसटला आणि खाली उभ्या असलेल्या रामनाथ नावाच्या माणसाच्या खांद्यात गेला. रामनाथ पुढे कामावर आलाच नाही. त्याच महिन्यात दाजींना एका जहाजात खलाशाच्या बिछान्याखाली एक सुरी सापडली. आखूड, जाड पाठीची, धार सरळ रेषेत आणि टोक सपाट कापल्यासारखे बोथट. मुकादमाने सांगितले की ही दोर कापायची सुरी. जाड दोरावर ठेवायची आणि वरून लाकडी हातोडी मारायची. टोक मुद्दाम बोथट ठेवलेले असते, म्हणजे डोलकाठीवर चढलेल्या खलाशाच्या हातून सुटली तरी खालच्या माणसाच्या अंगात शिरत नाही.

"ज्यानं बनवली ना वयनी," दाजी मला म्हणाले होते, "त्यानं खाली उभा हाय त्याचा इचार केलाय. आमच्या मुकादमानं कवा केला न्हाय."

तेव्हापासून ते अशा सुऱ्या जमवू लागले. काही मोडीत निघालेल्या जहाजांच्या, काही जुन्या बाजारातल्या, काही सोबतच्या कामगारांनी आणून दिलेल्या. अशा एकेचाळीस झाल्या. काहींच्या मुठी शिंगाच्या, काहींच्या लाकडाच्या. काहींना दोराचे पीळ सोडवायची टोकदार सळई जोडलेली. पाती काळी पडलेली, आणि त्यांवर कारागिराचे नाव, एखादे साल, सरकारी मालाची खूण म्हणून बाण असे शिक्के ठोकलेले. दाजी त्यांना कधी धार लावत नसत. वर्षातून एकदा तेलाचे बोट फिरवायचे, बस.

माझा संबंध आला तो या शिक्क्यांमुळे. शिक्के इंग्रजीत होते आणि माझे शिक्षण ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. हे गेले त्यानंतरच्या वर्षी दाजी एक सुरी रुमालात गुंडाळून घेऊन आले.

"वयनी, हिच्यावर काय लिवलंय तेवढं वाचा. भिंग हाय ना तुमच्याकडं?"

सगळ्या वाचायला मला दोन वर्षे लागली. प्रत्येक सुरीला नंबर दिला आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधली. वहीत लांबी, मूठ, शिक्का लिहिला. शिक्क्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली आणि तो उमटवून घेतला. सर्वांत जुने साल सतरा नंबरवर होते, १९१५. दाजी समोर बसून राहायचे. मी नाव वाचले की ते एकदा स्वतःशी म्हणायचे, नंतर सुरी उचलून घरी न्यायचे. शेवटची, एकेचाळिसावी, मी गेल्या वर्षी गणपतीच्या आधी परत केली.

कमळचा मात्र या सुऱ्यांवर राग. लग्न होऊन आली तेव्हाच तिने सांगितले होते, मेलेल्या माणसांच्या सुऱ्या घरात नकोत. म्हणून सुऱ्यांची पेटी सेहेचाळीस वर्षे बाहेर गॅलरीत, जिन्याखाली. कमळने तिला कधी हात लावला नाही.

"लोकांच्या सवती वेगळ्या घरात राहतात," ती म्हणायची, "माझी पेटीत राहते. खाते-पीते कायपण न्हाय, तेवढंच बरं."

दाजी हसण्यावारी न्यायचे. त्यांना काळजी होती ती वेगळीच. आपण गेल्यावर या सुऱ्यांचे काय होणार? मुलगा प्रितेश राहनाळला गोदामात सुपरवायझर आहे. स्वभावाने चांगला, पण त्याने स्पष्ट सांगितले होते की पेटी तो भंगारात घालील. "बाबा, तुमी तिकडनं आणलंत, मी तिकडंच पाठवतो. हिशेब बरोबर." दाजींची एकच इच्छा होती, सगळ्या सुऱ्या एकत्र राहाव्यात आणि कोणी जमवल्या ते लोकांना कळावे.

जूनमध्ये मी मुंबईच्या एका संग्रहालयाला पत्र लिहिले. सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. सप्टेंबरात उत्तर आले. नेत्रा नावाच्या अधिकारी बाई सात ऑक्टोबरला पाहायला येणार होत्या. वस्तू वहीच्या पानांप्रमाणे असतील तर सगळ्या एका काचपेटीत ठेवू आणि जमवणाऱ्याचे नाव खाली लिहू, असे त्यात होते. दाजींनी पत्र तीनदा वाचून घेतले.

"नाव मराठीत लिवतील का इंग्रजीत?"

"दोन्हींत लिहीत असतील."

"मराठीत मोठं लिवा म्हनावं."

कमळ दारात उभी होती. "ह्यांचं नाव? भिंतीवर?" तिने मला विचारले. मी होय म्हणाले, आणि पत्रातले ते वाक्य तिलाही मराठीत सांगितले. त्या रात्री पेटीवर तिने एक धुतलेले फडके टाकले. मला बरे वाटले. आणखीही काही सांगायला हवे होते, ते मला सुचले नाही.

खंडेनवमीला घरातली अवजारे धुऊन पुसून पुजतात. कोयते, विळी, कात्री, कारखान्यात लूम. दाजी नवमीला नेहमी अंजूरला जातात, देवीला. कमळचे गुडघे दुखतात म्हणून ती घरीच राहते. संध्याकाळी पाचला तिने मला हाक मारली.

पाटावर लाल कापड, त्यावर ओळीने एकेचाळीस सुऱ्या. आरशासारख्या. हळदकुंकू, झेंडूची फुले, समोर नारळ. बाजूला खालच्या कारखान्यातला फिटर अनंता हात पुसत उभा.

"मावशी, तीन तास बफ मारलाय," तो म्हणाला. "काय गंज, काय गंज. काकींनी सांगितलं, मुंबईची पार्टी येणार आहे, चकाचक पाहिजे."

मी एक सुरी उचलली. शिक्का होता तिथे गुळगुळीत पोलाद होते. मुठीही घासून पॉलिश केलेल्या.

"आणि टोकं सगळ्यांची बोथट होती. एकाला पण कुणी टोक ठेवलं नव्हतं. ग्राइंडरवर काढून दिली. धार पण लावली," अनंता सांगत होता.

"चिठ्ठ्या होत्या बांधलेल्या," मी म्हणाले.

"त्या ठेवल्यात ना," कमळ म्हणाली आणि प्लास्टिकची पिशवी पुढे केली. चिठ्ठ्या सगळ्या एकत्र होत्या. "नुसत्या बघता काय, बाई. कुंकू लावा."

मी कुंकू लावले. "छान झाल्या आहेत," असे म्हणाले. हेच मी रोजनिशीत लिहिले नाही.

दाजी दसऱ्याला दुपारी आले. कमळने त्यांना चप्पल काढण्याआधीच आत नेले. मीही दारात होते. ते पाटासमोर उकिडवे बसले. एक सुरी घेतली, शिक्क्याच्या जागेवरून अंगठा फिरवला. दुसरी घेतली. तिसरी घेतली आणि टोकाला बोट लावले.

"बोला की कायतरी," कमळ म्हणाली. "सकाळपासून वाट बघते."

"पानी दे," ते म्हणाले. ती उठली तेव्हा त्यांनी आणखी एकदा सुऱ्यांकडे पाहिले. ती तांब्या घेऊन आली तसे म्हणाले, "चांगलं केलंस गो."

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "वहीत हाय ना सगलं?"

"आहे. शिक्के उमटवलेलेही आहेत."

"मग झालं. बाईंना वही दाखवू. कंची सुरी कितवी तेवढं लावून ठेवू आपन."

चार दिवस आम्ही तेच केले. कमळ देवळात किंवा बाजारात गेली की दाजी पाच-सहा सुऱ्या आणायचे. ते डोळे मिटून सुरी तळहातावर तोलायचे आणि नंबर सांगायचे.

"ही सतरा. हिला मी अंधारात वलखतो."

मी पट्टी लावली. वहीत सतराची लांबी पाच इंचाला एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. हातातली साडेचारसुद्धा भरत नव्हती. तेवढे पोलाद ग्राइंडरवर गेले होते. मी सांगितले. त्यांनी दुसरी घेतली आणि म्हणाले की मग ही सतरा असेल. ती सळईवाली होती. सतराला सळई नव्हती. शेवटी सळईमुळे आणि शिंगाच्या मुठीमुळे सात सुऱ्यांचे नंबर नक्की लागले. बाकीच्या चौतिसांच्या बाबतीत आम्ही दोघेही अंदाज करत होतो. सोमवारी संध्याकाळी दाजींनी चिठ्ठ्यांची पिशवी बंद केली.

मंगळवारी नेत्राबाई आल्या. पस्तिशीच्या, सुती कपड्यातल्या, बोलायला फार नम्र. खालच्या लूमच्या आवाजात नीट ऐकू यावे म्हणून वाकून बोलत होत्या. कमळने नऊवारी नेसली होती आणि चकल्या केल्या होत्या. नेत्राबाईंनी पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले. पहिली सुरी पाहिली, दुसरी, तिसरी. चौथी ठेवली आणि हातमोजे काढून घेतले. उरलेल्या त्यांनी नुसत्या बोटांनी चाळल्या.

नंतर वही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागल्या. समोर कमळ चहा घेऊन उभी होती, म्हणून असावे. त्या म्हणाल्या की या सुऱ्या कोणत्या काळातल्या हे आता कोणालाच सांगता येणार नाही. टोकेही बदलली आहेत, त्यामुळे दोर कापायच्या सुऱ्या म्हणून दाखवताही येणार नाहीत. मी सात सुऱ्यांचे सांगितले. त्यांचीही टोके घासून अणकुचीदार केलेली आहेत, त्या म्हणाल्या. वहीचे म्हटले, तर म्हणाल्या, वही उत्तम आहे, पण वहीतली सुरी ती हीच, असे मी कशाच्या आधारावर लिहून देऊ? त्यांना वाईट वाटत होते. थोड्या वेळापूर्वी कमळने त्यांना पूजेचे सगळे हौसेने सांगितले होते.

"काय बोलल्या?" दाजींनी विचारले.

"वरच्यांना विचारून कळवणार आहेत," मी म्हणाले. नेत्राबाईंनी मान हलवली.

"चकली घ्या ना," कमळ त्यांना म्हणाली. "ह्यांचं नाव जरा वर लावा. खाली लावलं तर लोकांना वाकायला लागतं."

नेत्राबाईंनी चकली घेतली.

त्यांना रिक्षापर्यंत सोडून आम्ही परत येत होतो. जिन्यात दाजी थांबले.

"इंग्रजी सांगताना तुमी कधी अडत न्हाय, वयनी. आज अडलात."

मी सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. कठड्याला धरून उभे होते.

"हिला बोलू नका," ते म्हणाले. "सेहेचाळीस वर्षांनी पयल्यांदा हात लावलाय तिनं. अनंताला पन नको."

"पुढे काय करणार?"

"मना काय करायचंय आता."

कमळ रोज विचारायची, पत्र आले का. पोस्टमनला जिन्यात अडवायची. दिवाळी तशीच गेली. भाऊबीजेला प्रितेश आला, त्यालाही तिने काचपेटीचे सांगितले. तो बापाकडे पाहत राहिला. त्यानंतर दाजींनी तिला सांगितले की बाईंचा फोन आला होता. संग्रहालयात जागा नाही. पण त्या म्हणाल्या, इतकी चांगली धार असलेल्या वस्तू कोंडून ठेवू नयेत, लोकांच्या वापरात असाव्यात. कमळ थोडी हिरमुसली. मग तिला ते पटले.

तिने स्वतःच वाटायला सुरुवात केली. इमारतीत, देवळातल्या बायकांना, अंजूरला जावेकडे. अनंताला दोन दिल्या. प्रितेश फोनवर म्हणाला, "आई, एवढ्या सुऱ्या घरोघरी वाटतेस, उद्या चौकीत पहिलं नाव तुझं." ती ते सगळ्यांना हसत सांगत होती. पेटी रिकामी झाली तशी तिने घासून घरात घेतली. गॅलरीत उंदीर फार झालेत, म्हणून तिच्यात गोधड्या भरल्या. दाजी दुपारी गॅलरीतच बसतात, पेटी होती तिथे. पूर्वी मी बाहेर आले की काहीतरी विचारायचे. आता विचारत नाहीत. मीही वही त्यांच्यासमोर काढत नाही.

नऊ नोव्हेंबर, रविवार. दुपारी कमळ माझ्याकडे आली. सुरी हातात देत नाहीत, म्हणून तिने ती ओट्यावर ठेवली.

"ही तुमची. शेवटची. ह्यांनीच दिली काढून, वयनींना ही दे म्हणाले."

"कितवी आहे?"

"कितवी म्हणजे?" कमळ म्हणाली.

मी तिला चहा दिला. गुडघ्यांचे, भावजयीच्या सुनेचे बोलत ती तासभर बसली. ती गेल्यावर मी सुरी भिंगाखाली धरली. दोन्ही बाजूंनी पाहिली. लांबी मोजली नाही.

संध्याकाळी रोजनिशीत लिहिले: सुरण पाऊण किलो आणला. नव्या सुरीने चिरला. चिंचेच्या पाण्यात उकडून ठेवला.