लिफ्टमधला वजनकाटा

रविवार, सकाळी दहा. पनवेलमधल्या आमच्या सोसायटीची बैठक, तळमजल्यावर. हजर: अध्यक्ष, खजिनदार, तक्रार करणाऱ्या दोन वहिनी आणि मी, सचिव. गैरहजर: ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते तिसऱ्या मजल्यावरचे सर.

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. "बघूया ना," हे त्यांचं पालुपद. टाकी भरताना पाण्याचा आवाज का बदलतो हे बघायला ते एकदा तासभर गच्चीवर टाकीला कान लावून बसले होते. आता त्यांनी लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवला होता आणि त्यावर उभे राहून ते सारखे वर-खाली करत. बाकीचे लोक जिने चढून दमले. ठराव झाला: काटा हलवावा, तशी नोटीस लावावी.

मी नोटीस लिहून सही करतेय, तोच लिफ्टचं दार उघडलं. आत सर, आणि काट्यावर चौथ्या मजल्यावरच्या, मूळ गव्हाण गावच्या आजी! गुडघ्यांमुळे त्यांना जिना झेपत नाही. दिवाळीत लिफ्टमध्ये अडकल्या, तेव्हापासून भीतीने त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या.

"बघूया ना, म्हटलं आजींना. दाराकडे नको, काट्याकडे बघा," सर म्हणाले.

"लिफ्ट निघाली नि माजा वजन उतरला!" आजींना हसू आवरेना.

"वर जाताना परत वाढेल हो," एक वहिनी म्हणाल्या.

"मंग आमी वर जानारच नाय!"

आजी आता रोज संध्याकाळी खाली येऊन बसतात. काटा लिफ्टमध्येच आहे. नोटीस माझ्या फाइलमध्ये आहे, फक्त लावायची राहिली आहे.