जळालेल्या जनगणना आणि आईचं "हो"

माझ्या आजीचे, म्हणजे आईच्या आईचे वडील आयरिश होते. आजी भुसावळची, मराठी शाळेत शिकलेली. डोळे तेवढे घारे. "ते रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, आजी वर्षाची असताना कॉलऱ्यानं गेले," एवढंच आई सांगायची. मागे राहिली त्यांची एक कामाची वही, पहिल्या पानावर सही केलेली.

टोकियोत एदोगावातल्या ज्या बालवाडीत मी शिकवते, तिथे साठीची एक आयरिश बाई आहे. तिला हे सहज सांगितलं, तर तिनं मनावरच घेतलं. दर शनिवारी दुपारी आम्ही स्टेशनजवळच्या रेस्टॉरंटमध्ये लॅपटॉप उघडून बसू लागलो.

"आयर्लंडच्या त्यांच्या लहानपणच्या जनगणना नाहीतच," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "काही जळाल्या, काहींचा सरकारनंच लगदा केला."

उरली चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं. त्यांत पणजोबांच्या नावाची अकरा मुलं निघाली. आमचा त्यातला कोण, कळायला मार्ग नव्हता. आजीच्या जन्मानंतरची एक जनगणना शाबूत होती, पण मेलेला माणूस तिच्यात कुठून असणार? आम्ही ती उघडलीच नाही.

रविवारी मी पुण्याला आईला व्हिडिओ कॉल करायचे. "काही लागलं का हाती?" ती विचारायची. मी धुंडाळलेली गावं सांगायचे. ती "बिचारे गं" म्हणायची. असं दीड वर्ष चाललं.

मग एका शनिवारी ती आयरिश मैत्रीण म्हणाली, "त्यांची भावंडं तरी मिळतात का बघू," आणि तिनं ती शाबूत जनगणना उघडली. चौथ्या गावाच्या एका फॉर्मपाशी ती थांबली. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी फोनमधला वहीचा फोटो शेजारी धरला. तेच नाव, तीच सही, पहिल्या अक्षराला तीच लांब शेपटी. धंदा: इंजिन ड्रायव्हर. बायको, चार मुलं. मधल्या दोघांत सात वर्षांचं अंतर. लग्नाला झालेली वर्षं: चौदा. आजी तेव्हा तीन वर्षांची होती.

"सॉरी," मैत्रीण म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

मी रविवारपर्यंत थांबले नाही.

"आई, ते कॉलऱ्यानं गेले नव्हते."

ती चष्मा पुसत राहिली. "हो."

"हो म्हणजे?"

"गावी जाऊन येतो म्हणाले, ते परत आलेच नाहीत. आजीला तिच्या आईनं सांगितलं होतं, आजीनं मला."

"मग दीड वर्ष मी काय शोधत होते?"

"सगळं जळलंय म्हणालीस. मला वाटलं, सापडणार नाहीच." मग हळूच म्हणाली, "आणि तू दर रविवारी फोन करत होतीस. त्याआधी महिना महिना करत नव्हतीस."

मी फोन ठेवला.

पणजोबांचा मला राग येत नाही; मी त्यांना ओळखतच नव्हते. पण "बिचारे गं" म्हणतानाचा आईचा चेहरा आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. ती एकटी असते, हे मला कळत होतं. ते तिनं सरळ सांगायला हवं होतं.

आता फोन बहुधा नवराच लावतो. मी पाच मिनिटं बोलते. ती टोकियोतल्या थंडीचं विचारते, मी सांगते.