मेंढ्यांनी ऐकलेला कार्यक्रम

बीडमध्ये आमचं छोटं रेडिओ केंद्र नवीन होतं, तेव्हा मी तिथं निवेदिका म्हणून लागले. शहरातली मंडळी आपणहून बोलायला येत, खेड्यातल्यांकडे मात्र आम्हालाच जावं लागे. एकदा बालाघाटच्या उतारावरच्या वस्तीत मी एका मेंढपाळ मामांची मुलाखत घ्यायला गेले. माइक पाहून मामा गप्पच झाले. शेवटी मी म्हटलं, "मेंढ्यांना कसं बोलावता, तेवढं तरी करून दाखवा." त्यांनी लांबलचक हाळी दिली आणि मग मोकळेपणी बोलत राहिले.

मुलाखत लागली त्याच दुपारी त्यांचा केंद्रावर फोन आला.

"बाई, लई घोटाळा झाला. सुनंनं घरी रेडिओ मोठ्यानं लावलता. माझी हाळी ऐकून शेजारच्या माळावर चरणाऱ्या माझ्या मेंढ्या घराकडं पळाल्या. मी हितं माळावर वरडतोय, तर एक वळून बघंना!"

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "मग पुन्हा नाही लावत."

"न्हाई न्हाई, लावा की! फकस्त आधी सांगा."

पुढच्या रविवारी आधी कळवून आम्ही मुलाखत पुन्हा लावली, तेव्हा मामांनी मेंढ्या वाड्यातच कोंडून ठेवल्या आणि अख्ख्या वस्तीला अंगणात बसवून स्वतःचा आवाज ऐकला.