मराठीतली प्रार्थना

माझे वडील फरीदाबादच्या एका हॉस्पिटलात होते आणि आता ते घरी परतणार नव्हते. त्यांना मराठीतून प्रार्थना हवी होती, म्हणून मी चर्चला फोन केला. पास्टर गावाला गेले होते. दुपारी त्यांच्याऐवजी चर्चमधल्या एका मराठी कुटुंबातली मुलगी शाळेच्या गणवेशातच आली.

"अगं, तू तर किती लहान आहेस!" मी म्हणालो.

"हो काका, लहान तर आहेच. पण देव माझं वय थोडंच विचारणार आहे?"

दप्तर खाली ठेवून तिने वडिलांचा हात हातात घेतला. सलाईनची सुई होती ती जागा तिने जपून टाळली.

"प्रभू, आजोबांना..." ती अडली. इकडे हिंदी मुलखात वाढलेली पोर, तिला मराठी शब्द सापडेना. "आजोबांना हौसला दे."

कालपासून गप्प असलेले वडील डोळे न उघडता पुटपुटले, "धीर."

"धीर दे," ती म्हणाली आणि पुढे न अडखळता बोलत राहिली.

मग ती रोज शाळा सुटल्यावर यायची. वडील गेले तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. तिने माझाही हात धरला आणि प्रार्थना सुरू केली.