सातव्या मजल्यावरचा भुईमूग

“वांझ नाही हो साहेब! पंधरा दिवस थांबा म्हणते नुसतं.”

“मावशी, तीन महिने थांबलो. फुलं आली, सुकली, शेंग एक नाही. परवा फोटोवाले येणार. उपटा, फुलझाडं लावा.”

साहेब म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी, आणि मावशी सातव्या मजल्यावरच्या वाफ्यांची माळीण. शहरातल्या माणसाची अन्नाशी तुटलेली नाळ जोडायची, म्हणून आर्किटेक्टने मजल्यामजल्यावर स्वयंपाकघरांपुढे वाफे काढले होते. खिडकीतून हात काढला की भाजी! लोकांनी हात काढला तो चहाचा चोथा फेकायला. नळ तेवढा नकाशात काढायचा राहून गेला. मावशी खालून बादल्या आणते, त्याही जिन्याने. लिफ्टची फरशी ओली होते ना!

जन्म गेला तिचा दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात. स्वतःच्या मनाने पेरलेला हा चार हात वाफा पहिलाच. बियाणं घरचं, नवऱ्याची बोलणी खाऊन आणलेलं.

“अहो, याची शेंग वर नसते लागत. फुलाच्या बुडातून दोऱ्यासारख्या आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि—”

“मला शिकवू नका!” साहेबांनी तीन रोपं स्वतःच उपटली. बुडाला पांढऱ्या कोवळ्या शेंगा लोंबायला लागल्या. साहेब दचकून मागे सरले. “बघा! मुळांना गाठी आल्यात. रोग आहे हा!”

रोज संध्याकाळी मूठमूठ खारे दाणे चघळणारा माणूस हा.

मावशीने शेंग फोडून त्यांच्या तळहातावर ठेवली. दाणा पाणचट, अजून भरायचा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणाऱ्या एक बाई किंचाळल्या, “अय्या, मातीत होतात? शी!”

साहेबांचा आवाज उतरला. “मग… परत खोचा ना.”

“तुमचा दात पडला तर परत खोचता का?”

दुपारी आर्किटेक्ट आला. उपटलेली रोपं पाहून त्याचे डोळे चमकले. “वाफ्याला काच बसवू. वाढताना शेंगा दिसतील लोकांना!”

“उजेडात धरत नाहीत त्या, दादा. त्यापेक्षा नळ बसवा.”

त्याने वहीत लिहिलं: काच.

“राहू दे, मावशी,” साहेब भिंतीकडे बघत पुटपुटले. “पंधरा दिवस.”

 मावशीने शेजारच्या रोपांच्या उघड्या पडलेल्या शेंगांवर माती लोटली, हाताने दाबली, आणि ती रिकाम्या बादल्या उचलून जिना उतरायला लागली.