दोन दाबा, बाई

हे मी नवऱ्याला सांगितलं न्हाई, पोरीला न्हाई, देवापुढंसुद्धा न्हाई. तुमी लांबचे, म्हणून सांगून राहिले. ओळखीच्या माणसापुढं हे तोंडातून निघालंच नसतं.

शोभा माझी धाकटी जाऊ. साखरा गावात आम्हा दोघींचं एकच घर, एकच चूल. दीर एचआयव्हीनं गेला आणि मागून शोभालाबी तेच निघालं. दवाखान्यातल्या ताईनं तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि माझा नंबर लिहून घेतला. शोभाला वाचता येत न्हाई, तिच्याकडं फोनबी न्हाई. दर सोमवारी मेसेज यायचा – तब्येत कशी? बरी असेल तर १, तकलीफ असेल तर २. आजाराचं नाव कुठंच न्हाई. दोन आलं की ताई स्वतः घरी येणार, असं ठरलेलं.

साधं काम होतं हो. एक बोट हलवायचं.

गोळ्यांनी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. घासभर भाकर पोटात ठरंना. सोमवारी फोन वाजला की ती चुलीपासूनच म्हणायची, "बाई, दोन दाबा." आणि मी – आता कसं सांगू? – त्याच दिवसांत माझ्या पोरीला कळमनुरीकडचं स्थळ आलं होतं. मुलाकडचे आमच्या गल्लीत विचारपूस करून राहिले होते. दवाखान्याची ताई दारात उतरली असती, तर काहून आली म्हणून गल्लीनं विचारलं नसतं का?

मी एक दाबलं.

पुढच्या सोमवारीबी एकच. तिच्यासमोर बसून. "दाबलं का?" "व्हय, दाबलं." खोटं कुठं बोलले, दाबलं तर होतंच – असं मनाला समजवायचे मी. जळो ती जीभ! किती सोमवार झाले, ते मला बराबर ठाऊक हाय. सात.

शोभा उंबऱ्यात बसून रस्त्याकडं बघायची. चौथ्या सोमवारनंतर तिनं गोळ्या सोडल्या. म्हणली, "विचारायलाबी कुणी येईना, कशाला खाऊ?" मी तरी गप्पच. शेवटी तिच्या भावानं तिला उचलून दवाखान्यात नेलं. जगली. पण आजार डोळ्यात उतरला, डावा डोळा गेला.

ताई खाटेपाशी आली आणि म्हणली, "तुमचं तर दर सोमवारी एकच यायचं." मी तिची चादर सारखी करू लागले. तर शोभाच कोपर टेकून उठली. "न्हाई ताई, बाई माझ्यासमोर दोन दाबायच्या. तुमच्याच मशीनीत घोळ हाय." ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणले, "आमच्याकडं रेंज नसती."

पोरीचं लग्न झालं. मांडवाच्या कडेला उभी राहून शोभानं अक्षता टाकल्या. मला तिच्याकडं बघवलं न्हाई.

गोळ्या बदलून मिळाल्या, ती आता बरी हाय. मेसेज अजून येतो. परवाच्या सोमवारी ती तापानं फणफणली होती. मी म्हणले, "शोभे, दोन दाबते." खरंच दाबणार होते. ती गोधडीतूनच म्हणली, "राहू द्या बाई, एकच दाबा. आपलं दोन तिकडं पोचतच न्हाई."

मी दोन दाबलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ताई दारात हजर. एवढंच होतं ते. एवढंच!

शोभाचा आनंद काय सांगू. गोधडी टाकून मला हाका मारून राहिली, "बाई, या की इकडं! सुधरली बघा यांची मशीन!"

ताई नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी चहा ठेवायला आत गेले.