ऐंशीला पिन काढणारी सून

बॅटरीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. महाळुंग्याच्या कंपनीत इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या तपासायचं काम करते मी, आणि मोबाईलची बॅटरी म्हणजे त्यांचीच धाकटी बहीण. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि गच्च भरलेलं पोट. वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायचं नाही, ऐंशीच्या आसपास चार्जरची पिन काढायची, चार्जिंगला लावताना कव्हर काढून फोन हवेशीर ठेवायचा. एवढं पाळलं की फोन नवऱ्यापेक्षा कमी कुरकुरतो. लाइनवरच्या सगळ्या पोरींना हे मी पटवलं, घरमालकिणीलाही पटवलं. पटलं नाही ते फक्त एका बाईला, आणि ती माझ्याच घरात होती.

सासरे गेल्यावर सासूबाई लातूरकडच्या गावाहून काळेवाडीला आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचा मोबाईल सकाळपासून स्वयंपाकाच्या ओट्यावर, शेगडीला खेटून, कापडी बटव्यासकट चार्जिंगला. कुणाचा फोन आला की तिथेच वायरीला बांधल्यासारख्या उभ्याने बोलायच्या. गावाकडे लाईटचा भरवसा नाही, आली की भरून घ्यायचं. इथे लाईट फारशी जात नाही, पण सवय काही गावी ठेवून येता येत नाही.

मी येता-जाता पिन काढायची. त्या परत लावायच्या. मी परत काढायची. तोंडाने दोघीही काही बोलत नव्हतो.

एका दुपारी मी सेकंड शिफ्टला निघायची तयारी करत होते. सासूबाई गावातल्या बहिणीशी बोलत होत्या. "काय सांगू माय, इथं मोबाईललाबी पोटभर भेटना. भरल्या ताटावरून उठवायली सून. लाईटबिलाच्या भेवानं."

माझं डोकंच फिरलं. मोबाईलला लाईट लागून लागून लागते किती! बसमधूनच नवऱ्याला फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "मी फ्यूज आहे बाई. मधे आलो की मीच उडणार. तुमचं तुम्ही बघा."

त्या रविवारी सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली. "पंचमीला गावाकडं सोडा मला. तिथं माझं मला बरं."

मला रडूच आलं. खरं सांगते, त्या आल्यापासून मला ते घर घर वाटायला लागलं होतं. लग्न झाल्यापासून कामावरून येऊन स्वतःच कुलूप काढायचं आणि अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपायचं, असं चाललं होतं माझं. आता दार उघडायला कुणीतरी होतं. जेवलीस का, म्हणून विचारायला होतं. त्या जायला नको होत्या, आणि एका पिनेपायी तर मुळीच नको होत्या.

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "आई, बिलासाठी नाही काढत मी पिन. शुगर झाल्यापासून तुम्हीच म्हणता ना, दोन घास कमी खावेत? तसंच आहे ह्याचं. भाकरी फुगावी, बॅटरी फुगू नये." त्यांच्या फोनची पाठ मी त्यांना दाखवली. मधोमध चांगलीच वर आली होती.

त्यांनी त्या उंचवट्यावरून बोट फिरवलं. "बिलाचं मी रागानं बोलले गं. मला बंद फोनचं भेव वाटतं."

"कसलं भेव?"

"गावातली डीपी जळली होती. लाईटचा पत्ता नाही कितीक दिवस. ह्यांच्या छातीत दुखायलं तवा फोन मेलेला. शेजारचे सगळे रानात. फाट्यापस्तोर पळत गेले मी. गाडी घिऊन आले तवर..." पुढचं त्यांनी पदरात पुसून टाकलं.

दवाखान्यात न्यायला उशीर झाला, एवढंच आम्हाला माहीत होतं. का झाला, ते त्यांनी पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात घट्ट धरला.

मग मी म्हणाले, "मग तर माझं ऐकाच, आई. बिघडलेली बॅटरी खोटं बोलते. परवा मंडईत फोनमध्ये चाळीस टक्के दिसत होते आणि तरी तो बंद पडला ना? बॅटरी नीट सांभाळली तरच ऐन वेळेला फोन साथ देईल."

फुगलेली बॅटरी घरात ठेवणं धोक्याचं, म्हणून त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन नवी बसवून घेतली. फोन ओट्यावरून खिडकीजवळच्या फळीवर आला, बटव्यातून बाहेर. "कुठे लांब जायचं असेल, लाईट जाणार असेल, तर खुशाल शंभर करा," मी सांगितलं. "रोजच्याला ऐंशी पुरे." त्यांनी मान हलवली. गावी जायचा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेटवरच्या लॉकरमधून फोन काढला, तर सासूबाईंचे ओळीने मिस्ड कॉल. तिथेच उभ्या उभ्या लावला. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला.

"आई, काय झालं?"

"काई नाही. ऐंशीला पिन काढली. तुला लागायलाय का, ते बगत होते."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"लागला बग," त्या म्हणाल्या. "तू ये सावकाश. पंचमी इथंच करू."